मुंबई हाय : समुद्राखालच्या तेलाचा जन्म आणि शोध

जमिनीच्या पोटात खनिज तेलाची मोठमोठी तळी असतात आणि विहीर खोदून त्यांच्यापर्यंत पोहोचले की तेल उपसता येते, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही सर्रास आढळते. प्रत्यक्षात तेल घट्ट खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते; माठाच्या भिंतीला कोठेही भोक दिसत नसताना पाणी जसे तिच्यातून झिरपते, तसे तेल आणि वायू खडकातून लाखो वर्षे सरकत राहतात आणि पुढची वाट बंद झाली तरच एका जागी साचतात. मुंबईपासून पश्चिम-वायव्येला सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, जेमतेम ७५ मीटर खोल पाण्याखाली असलेले मुंबई हाय हे क्षेत्र या प्रक्रियेचे भारतातले सर्वांत ठळक उदाहरण आहे. तेथील तेल ज्या खडकात सापडते त्या खडकात ते तयार झालेले नाही. ते दुसरीकडे, अधिक खोलीवर तयार झाले आणि वर सरकून तेथे अडकले. जनक खडक, उष्णता, साठवणारा खडक, वरचे अभेद्य आवरण आणि अडकण्यास योग्य असा आकार, या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या एवढ्याने हे साधले नाही; त्या योग्य क्रमाने आल्या म्हणून साधले, आणि तेलाचा शोध घेणे म्हणजे मुख्यतः हा क्रम खडकांवरून ओळखणे होय.

तेलाचे मूळ द्रव्य डायनोसॉरसारख्या अजस्र प्राण्यांच्या मृतदेहांतून आले, ही दुसरी लोकप्रिय समजूतही येथेच बाजूला ठेवावी लागते. समुद्राच्या वरच्या, सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या थरात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती व प्राणी, ज्यांना एकत्रितपणे प्लवक म्हणतात, तसेच जिवाणू आणि नद्यांनी किनाऱ्यालगत आणून टाकलेला पालापाचोळा हे तेलाचे खरे कच्चे द्रव्य आहे. मेलेल्या जीवांचा बहुतेक भाग तळापर्यंत पोहोचण्याआधीच कुजून जातो आणि त्यातील कार्बन पुन्हा पाण्यात व हवेत मिसळतो. शंभरातला एक हिस्साही गाळात टिकत नाही. तो टिकण्यासाठी तळाच्या पाण्यात ऑक्सिजन फारच कमी असावा लागतो, म्हणजे कुजण्याची क्रिया मंदावते, आणि वरून बारीक चिखल सतत पडत राहावा लागतो, म्हणजे सेंद्रिय द्रव्य लवकर गाडले जाते. तेलाचा सजीवांशी असलेला हा संबंध बराच काळ वादाचा विषय होता. १९३०च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कच्च्या तेलात पॉर्फिरिन नावाची संयुगे ओळखली आणि त्यांची रचना वनस्पतींच्या हरितद्रव्याशी जुळते हे दाखवून दिले, तेव्हा वादाचा निकाल जवळजवळ लागला.

गाडलेल्या चिखलाचा काळाच्या ओघात शेल नावाचा पातळ पापुद्र्यांचा खडक बनतो आणि त्यातील सेंद्रिय द्रव्याचे केरोजेन नावाच्या घन, मेणचट पदार्थात रूपांतर होते. केरोजेन म्हणजे अजून तेल नव्हे. पृथ्वीच्या कवचात साधारणतः दर किलोमीटर खोलीमागे २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते. गाळावर गाळ साचून हा थर खाली खाली दबत गेला आणि त्याचे तापमान साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान आले, की केरोजेनचे मोठे रेणू तुटू लागतात आणि द्रवरूप तेल तयार होते. तापमान दीडशे अंशांच्या पलीकडे गेले तर तेलाचेही रेणू तुटून मुख्यत्वे वायू उरतो. याचा अर्थ असा की, जनक खडक उथळ राहिला तर तो कच्चाच राहतो आणि फार खोल गेला तर तेल हातचे जाते. तेल तयार होण्याचा पट्टा बहुतेक ठिकाणी दोन ते चार किलोमीटर खोलीच्या आसपास असतो. या पट्ट्यातून जाण्यास लक्षावधी वर्षे लागतात, म्हणून तेल हे मानवी कालमानाने पुन्हा भरून न येणारे द्रव्य आहे.

आता मुंबईच्या पश्चिमेचा समुद्र पाहू जाता, त्याची कथा महाराष्ट्राच्या काळ्या कातळाशी जोडलेली आढळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार घडले, आणि त्याच सुमारास व त्यानंतर लवकरच भारतीय भूखंडापासून सेशेल्स बेटांचा तुकडा अलग होऊ लागला. भूखंड असा ताणला जातो तेव्हा त्याच्या कवचाला तडे जातात, तड्यांच्या अनुरोधाने काही पट्टे खाली खचतात आणि त्यांच्यामधले पट्टे उंचच राहतात. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांना खचदरी व गट पर्वत म्हटले जाते, तशीच रचना आजच्या समुद्राखाली गाळाने झाकलेली आहे. मुंबई हाय हा असाच एक उंच राहिलेला पट्टा आहे. त्याच्या भोवतीच्या खोलगट भागांना भूवैज्ञानिकांनी सुरत, मुरूड, पन्ना अशी नावे दिली आहेत.

त्या खोलगट भागांत पॅलिओसीन आणि आरंभीच्या इओसीन कालखंडात, म्हणजे ढोबळमानाने सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी, किनाऱ्यालगतच्या दलदली, खाजणे आणि उथळ उपसागर होते. तेथे साचलेल्या चिखलाचे, वाळूचे आणि कोळशाच्या पातळ थरांचे मिळून जे खडक बनले त्यांना पन्ना शैलसमूह असे नाव आहे, आणि मुंबई खोऱ्यातल्या तेलाचे प्रमुख जनक खडक तेच आहेत. या तेलाच्या अंगी त्याचा जन्म अजूनही दिसतो. ते हलके आहे, त्यात गंधक अगदी कमी आहे, मात्र मेणाचे प्रमाण मोठे आहे. असे मेण जमिनीवरच्या वनस्पतींच्या पानांवरील लेपातून येते. तेलातील काही रेणू कोणत्या जातीच्या सजीवांपासून आले हे आज प्रयोगशाळेत सांगता येते, आणि मुंबई खोऱ्यातल्या तेलांत भूवनस्पतींच्या अशा खुणा आढळतात. तेल थंड झाल्यावर हे मेण गोठू लागते आणि नळाच्या आतल्या बाजूला त्याचा थर चढतो, त्यामुळे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडापानांचा उपद्रव आजच्या नळवाहिनीच्या देखभाल-अभियंत्याला सोसावा लागतो.

जनक खडक तयार झाला तरी त्यातून निघालेले तेल साठवायला जागा हवी, आणि मुंबई हायच्या बाबतीत ही जागा समुद्रजीवांनीच बांधून ठेवली. मायोसीन कालखंडाच्या आरंभी, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, हा उंच पट्टा उथळ, उबदार आणि नितळ पाण्याखाली होता. नर्मदा आणि तापी यांचा गाळ बहुतांशी सुरतेकडच्या खोलगट भागात अडकून पडत होता, त्यामुळे या उंचवट्यावर चुन्याचे कवच बनवणारे शैवाल, फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव आणि शंख-शिंपले यांना मुक्त वाव मिळाला. गढूळ पाण्यात हे जीव फोफावत नाहीत. सह्याद्रीतल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे वळतात आणि कोकणात उतरणाऱ्या नद्या लांबीने तोकड्या आहेत, हेही पश्चिम किनाऱ्यासमोरील समुद्रात गाळ तुलनेने कमी येण्याचे एक कारण मानले जाते. या जीवांच्या कवचांच्या चुऱ्यातून चुनखडकाचे थर बनले. मधूनमधून समुद्राची पातळी उतरली, हे थर उघड्यावर आले आणि पावसाच्या पाण्याने त्यांतील चुना जागोजागी विरघळवून छोट्या-मोठ्या पोकळ्या कोरल्या. तेलक्षेत्रातील मंडळी ज्याला एल-३ म्हणतात, तो मुंबई हायचा मुख्य तेलधारक थर असा घडला.

साठवण खडकाचे दोन गुण वेगळे समजून घ्यावे लागतात. खडकात रिकामी जागा किती आहे हा झाला सच्छिद्रतेचा प्रश्न, आणि त्या जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत हा झाला पारगम्यतेचा. पहिला गुण आहे आणि दुसरा नाही अशा खडकात तेल असूनही ते विहिरीपर्यंत येत नाही. चुनखडक या बाबतीत विशेष लहरी असतो, कारण त्याच्या पोकळ्या पाणी कोठून वाहिले यावर अवलंबून असतात. एका विहिरीत उत्तम लागलेला थर काहीशे मीटरवरच्या दुसऱ्या विहिरीत कोरडाठाक निघू शकतो. एल-३ हा थरही एकसंध नाही, तर चुनखडकाचे अनेक पदर आणि त्यांच्यामध्ये शेलचे पातळ पडदे अशी त्याची रचना आहे. यामुळे पुढे उत्पादनात ज्या अडचणी आल्या, त्यांची बीजे या रचनेतच आहेत.

मायोसीनच्या उत्तरार्धात समुद्राची परिस्थिती बदलली, बारीक चिखलाचे लोट या उंचवट्यावरही पसरू लागले आणि चुनखडकावर शेलचे जाड आवरण बसले. शेलची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की तेलाला त्यांतून वर जाता येत नाही. एव्हाना भोवतीच्या खोलगट भागांतले पन्ना शैलसमूहाचे थर पुरेसे खोल व तप्त झालेले होते. त्यांतून बाहेर पडलेले तेल पाण्याहून हलके असल्यामुळे, खाऱ्या पाण्याने भरलेल्या छिद्रांतून वाट काढत, उताराच्या उलट दिशेने उंचवट्याकडे सरकत आले आणि शेलच्या आवरणाखाली अडकले. हा उंचवटा सुमारे ६५ किलोमीटर लांब व २३ किलोमीटर रुंद अशी एक विस्तीर्ण कमान आहे, तिची पूर्वेकडील बाजू विभंगाने तुटलेली आहे, आणि तेल व त्याखालचे पाणी यांची सीमा समुद्रसपाटीपासून सुमारे १३५५ मीटर खोलीवर आहे. एवढ्या उथळ खोलीवरील तापमानात तेथल्या तेथे तेल तयार होणे शक्य नव्हते, हाच ते दुसरीकडून आल्याचा सर्वांत साधा पुरावा होय. शेलचे आवरण बसण्याआधी तेलाचा हा लोंढा आला असता, तर तो चुनखडकातून थेट समुद्रात निसटून गेला असता आणि मुंबई हाय हे नाव कोणी घेतले नसते.

सगळ्याच सागरी साठ्यांची कुळकथा अशी नसते, हे बंगालच्या उपसागराकडे पाहिल्यावर कळते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील धीरूभाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्राचा शोध २००२ मध्ये लागला. तेथील वायू प्रामुख्याने उष्णतेने बनलेला नाही, तर उथळ गाळात राहणाऱ्या, मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो बनवलेला आहे. तो साठवणारी वाळू त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणाऱ्या गोदावरीने आणि महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेने लाखो वर्षांत समुद्रात लोटली. समुद्रबूड जमिनीची कड ओलांडून ती उतारावरच्या घळींतून खोल तळाकडे घसरली आणि चिखलात पुरली गेली. महाराष्ट्राच्या डोंगरांची झीज दोन्ही समुद्रांच्या भूविज्ञानात अशी निरनिराळ्या रीतीने सामील आहे.

हे सारे आज सलग सांगता येते, पण ते कळण्याचे मार्ग अप्रत्यक्ष आहेत. समुद्राच्या पृष्ठभागावरून खडक दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या भौतिक गुणधर्मांवरून अनुमान काढावे लागते. पहिली चाळणी गुरुत्वाकर्षणाच्या आणि चुंबकत्वाच्या मोजणीची असते : घन तळखडक वर आलेला असेल तेथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढते, जाड गाळ असेल तेथे किंचित कमी होते, आणि चुंबकीय नोंदींवरून बेसाल्टसारख्या लोहयुक्त खडकांचा माग लागतो. या मोजण्यांनी गाळाचे खोरे कोठे व किती जाड आहे याचा ढोबळ नकाशा मिळतो. तेल मात्र त्यांत दिसत नाही.

दुसरी आणि निर्णायक पद्धत भूकंपीय सर्वेक्षणाची आहे. सर्वेक्षणाचे जहाज ठरलेल्या रेषेवर संथ गतीने चालते आणि दर काही सेकंदांनी त्याच्या मागे पाण्यात ओढल्या जाणाऱ्या एअर गनमधून दाबलेल्या हवेचा बार सोडला जातो. सुरुवातीच्या काळात यासाठी स्फोटके वापरली जात. त्या बाराची ध्वनिलहर पाण्यातून तळाशी जाते, तिचा काही अंश परततो, उरलेला खडकात शिरतो, आणि जेथे जेथे एका प्रकारचा खडक संपून दुसरा सुरू होतो, तेथे तेथे पुन्हा थोडा अंश परतून वर येतो. जहाजामागे तरंगणाऱ्या, कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलमधील हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातील ध्वनिग्राहक, हे प्रतिध्वनी टिपतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, म्हणून ७५ मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परततो, तर मुंबई हायच्या चुनखडकाचा प्रतिध्वनी यायला सेकंद-सव्वा सेकंद लागतो. सर्वेक्षणातून हाती येते ते अंतर नव्हे, वेळ. खडकातील ध्वनीचा वेग ठाऊक झाल्याशिवाय वेळेचे खोलीत रूपांतर होत नाही, आणि वेगाचा अंदाज थोडा चुकला तरी नकाशावरची कमान सपाट होते किंवा सपाट थर कमानीसारखा भासतो.

या पद्धतीच्या मर्यादा सर्वसामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतात, वास्तविक तेलशोधाचा सारा धोका त्यांतच दडलेला आहे. साधारण २५ मीटरपेक्षा पातळ थर बहुधा सुटे दिसत नाहीत, त्यामुळे मुंबई हायसारख्या पदरांच्या खडकाचे बारकावे प्रतिध्वनीतून कळणे कठीण असते. वायूने भरलेला थर कधी कधी नकाशावर उठून दिसतो, परंतु छिद्रांत अगदी थोडा, काढण्यास निरुपयोगी असा वायू असला तरी तो तसाच उठून दिसतो, आणि या भुलीपायी जगभर कितीतरी महागड्या विहिरी कोरड्या निघाल्या आहेत. पूर्वी जहाज दूरदूरच्या समांतर रेषांवर फिरून उभे छेद तयार करी, आता अनेक केबली एकदम ओढून संपूर्ण घनाकृती चित्र मिळवले जाते. काही ठिकाणी तेच सर्वेक्षण काही वर्षांनी पुन्हा करून तेल कोठून निघाले व कोठे उरले हेही पाहिले जाते. या काळात मच्छीमारांना सर्वेक्षणाच्या पट्ट्यातून जाळी काढून घ्यावी लागतात आणि त्यांच्या हंगामाचे नुकसान होते. पालघर-मुंबईच्या किनाऱ्यावर हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे, आणि तेलाच्या किमतीचा हिशेब करताना तोही मांडला जाणे न्याय्य ठरेल.

मुंबई हायचा शोध लागला तो याच मार्गाने. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांच्या आग्रहामुळे, भारतात फारसे तेल नाही असे मानणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या मतावर विसंबून न राहता, सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने स्वतंत्र शोध सुरू झाला. १९५८ मध्ये खंबात येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. गुजरातमधले हे गाळाचे खोरे दक्षिणेकडे समुद्राखाली चालू राहत असावे, हा तर्क स्वाभाविक होता, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास आकादेमिक आर्खांगेल्स्की या सोव्हिएत जहाजावरून भारतीय व सोव्हिएत शास्त्रज्ञांनी खंबातच्या आखातात व त्याच्या दक्षिणेस जे सर्वेक्षण केले, त्यात मुंबईसमोरचा हा प्रचंड उंचवटा प्रथम नकाशावर आला. १९७० मध्ये खंबातच्या आखातातील आलियाबेट येथे भारताची पहिली सागरी विहीर खोदण्यात आली. तेथे मोठा साठा हाती लागला नाही, पण भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांत काम करण्याचा अनुभव मिळाला. १९७२-७३ मध्ये मुंबई हायचे अधिक तपशीलवार सर्वेक्षण झाले.

तोवर समुद्रातील खोदकामाला योग्य अशी रिग देशाकडे नव्हती. जपानमध्ये बांधलेली सागर सम्राट ही रिग १९७३ मध्ये तयार झाली. ती जॅक-अप प्रकारची होती : अशा रिगचा तरंगता सांगाडा ओढून ठरलेल्या जागी नेला जातो, मग तिचे उंच पोलादी पाय तळाला टेकेपर्यंत खाली सोडले जातात आणि त्यांच्या आधाराने सारा सांगाडा लाटांच्या वर उचलला जातो. पाणी शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत खोल असेल तेथेच हे शक्य होते, आणि मुंबई हाय अशा खोलीत आहे हे देशाचे सुदैव. १९७४च्या जानेवारीअखेर पहिल्या विहिरीचे खोदकाम सुरू झाले आणि फेब्रुवारीत तेल लागले. अरब-इस्रायल युद्धानंतर जगात तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले होते, तोच हा काळ. आयातीच्या खर्चाने वाकलेल्या देशाला हा शोध केवढा आधार वाटला, याची साक्ष एक रुपयाच्या नोटेवर छापलेले सागर सम्राटचे चित्र आजही देते. लोकांच्या स्मरणात फेब्रुवारी १९७४ राहिला, ते योग्यच आहे. पण त्याआधीची दहा वर्षे कागदावरच्या नागमोडी रेषांतून हा उंचवटा ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांचा वाटा त्याहून कमी नाही.

विहीर खोदताना प्रत्यक्षात काय घडते, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. पोलादी नळ्यांच्या लांबलचक माळेच्या टोकाला दातेरी बिट असते; ती फिरत खडक फोडते, आणि नळ्यांच्या पोकळीतून मड नावाचा दाट द्रव जोराने खाली सोडला जातो. हा मड बिटला थंड ठेवतो, फुटलेल्या खडकाचा चुरा घेऊन विहिरीच्या भिंतीलगत वर येतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या वजनाने खालच्या तेल-वायूचा दाब आवरून धरतो. त्यासाठी त्यात बॅराइट हे जड खनिज मिसळतात. मड हलका पडला तर वायू उसळून वर येतो, जड झाला तर खडकच फुटून मड त्यात शिरतो, म्हणून त्याची घनता अहोरात्र तपासली जाते. ठरावीक खोलीनंतर विहिरीत पोलादी केसिंग उतरवून त्याच्या बाहेरच्या फटीत सिमेंट भरले जाते, आणि पुढचे खोदकाम अधिक अरुंद बिटने चालते.

वर आलेला मड थरथरणाऱ्या चाळणीवर पडतो. तेथून दर काही मीटरांच्या खोलीमागे मूठभर चुरा उचलून धुतला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो. भूवैज्ञानिक प्रथम खडक ओळखतो, मग त्यात फोरॅमिनिफेराची कवचे शोधतो, कारण प्रत्येक कालखंडात या जीवांच्या विशिष्ट जाती होऊन गेल्या आणि वाळूच्या कणाएवढ्या एका कवचावरून बिट आता मायोसीनमध्ये आहे की इओसीनमध्ये, हे सांगता येते. मग तोच चुरा अतिनील दिव्याखाली धरतात. तेलाचा अंश असलेले कण अंधारात पिवळसर किंवा निळसर चमकतात. एखाद्या द्रावकाचा थेंब टाकल्यावर ती चमक कणातून पसरत बाहेर आली, तर तेल छिद्रांतून हलू शकते असा संकेत मिळतो. महत्त्वाच्या थरातून खडकाचा अखंड दंडगोल, म्हणजे कोअर, कापून काढला जातो. नंतर तारेला बांधलेली उपकरणे विहिरीत सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात : खारे पाणी वीज सहज वाहून नेते, तेल नेत नाही, म्हणून सच्छिद्र खडकात रोध एकाएकी वाढला तर तेथे तेल असण्याची शक्यता बळावते. ही कल्पना श्लुंबर्जर बंधूंची. १९२७ मध्ये फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे तिचा पहिला प्रयोग झाला. एवढे झाल्यावरही साठा किती मोठा आहे हे विहीर वाहती करून, दाब कसा उतरतो हे पाहिल्यावरच कळू लागते.

मुंबई हायमधून मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल टँकर जहाजांत भरून आणले जाई, १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्रतळावरून नळवाहिनी आली. १९७६ मध्येच वसईच्या नावाने ओळखले जाणारे मोठे वायुक्षेत्र सापडले, आणि हजिऱ्याहून उत्तर भारतात जाणाऱ्या वायुवाहिनीचा पाया त्यावर घातला गेला. १९८९च्या सुमारास मुंबई हायचे उत्पादन दिवसाला चार लाख पिंपांच्या वर गेले. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. त्यानंतर दाब घटत गेला. पाणी दाबून भरण्याचे काम १९८०च्या दशकातच सुरू झाले होते, पण पदरांच्या चुनखडकात ते पाणी मोकळ्या वाटांनी धावते आणि घट्ट पदरांतले तेल मागे राहते. जगभरच्या तेलक्षेत्रांत सरासरीने एकतृतीयांशाच्या आसपासच तेल बाहेर काढता येते, आणि मुंबई हायही याला अपवाद नाही. २००० नंतर आडव्या दिशेने खोदलेल्या विहिरींनी उत्पादनाची घसरण रोखण्याचा मोठा प्रयत्न झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक भागीदार म्हणून बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड जाहीर झाली.

या तेलाची माणसांनी मोजलेली किंमतही सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५च्या महापुरात मुंबई बुडालेली असताना, दुसऱ्याच दिवशी समुद्र सुरक्षा हे मदतनीस जहाज मुंबई हायच्या उत्तरेकडील फलाटाच्या वायुनळाला धडकले, वायूने पेट घेतला, सारा फलाट काही तासांत जळून गेला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली. खवळलेल्या समुद्रात माणसांना केव्हा परत बोलवायचे, हा निर्णय तेलशोधाच्या कोणत्याही तांत्रिक निर्णयाइतकाच काटेकोरपणे घेतला जायला हवा, आणि पश्चिम किनाऱ्यावर तो नेहमी तसा घेतला गेला असे म्हणता येत नाही.

शोध मात्र थांबलेला नाही, आणि त्याची पुढची दिशा जुन्या समजुतींना धक्का देणारी आहे. मुंबई हायच्या चुनखडकाखालच्या तळखडकातही, म्हणजे ग्रॅनाइट व बेसाल्टसारख्या मुळात छिद्रे नसलेल्या खडकांच्या भेगांत, तेल आढळले असून ते काढलेही जाते. व्हिएतनामच्या किनाऱ्यासमोरील बाख हो या क्षेत्रात तर मुख्य साठाच भेगाळलेल्या ग्रॅनाइटमध्ये आहे. याहून अवघड प्रश्न दख्खनच्या लाव्ह्याखाली काय आहे हा आहे. लाव्हा पसरण्यापूर्वीच्या मध्यजीव महाकल्पातील गाळाचे खडक कच्छ-सौराष्ट्रसमोरच्या समुद्रात बेसाल्टखाली आहेत, परंतु बेसाल्टच्या थरांत ध्वनिलहरी विखुरतात आणि खालून येणारे प्रतिध्वनी क्षीण व गोंधळलेले असतात. त्यासाठी कमी वारंवारतेचे, अधिक खोल शिरणारे बार, समुद्रतळावर ठेवलेले ध्वनिग्राहक आणि अधिक लांब केबली वापरल्या जातात, आणि त्यांच्या नोंदींची सांगड गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व व विद्युतरोध यांच्या मोजण्यांशी घातली जाते. त्या गाळात जनक खडक असला, तरी वरच्या लाव्ह्याच्या उष्णतेने आणि वजनाने त्याचे काय झाले, त्यातले तेल केव्हा निघाले आणि तेव्हा वरचे आवरण बंदिस्त होते की भेगाळलेले, हे प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने सोडवावे लागणार आहेत.